आडनावांशिवायचा देश: आइसलंडच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलचा सामना, पोलिसी कादंबऱ्या, विमानतळावरची पाटी किंवा नोकरीनिमित्त राजधानी रेक्याविकला गेलेला भाचा, कारण कोणतंही असो, आइसलंडच्या नावांबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, पेच पुढे येतात. घाईत असाल तर प्रश्न २ आणि ४ तेवढे वाचा, बाकीचं बरंचसं त्यांतूनच निघतं.

उच्चारांबद्दल आधीच सांगून टाकतो. आइसलंडिकमध्ये मराठीत नसलेले काही आवाज आहेत, त्यामुळे इथली देवनागरी रूपं जवळपासची आहेत, तंतोतंत नाहीत.

१. आइसलंडमध्ये खरंच कुणाला आडनाव नसतं का?

बहुतेकांना नसतं. माणसाला स्वतःचं नाव असतं आणि त्यापुढे तो किंवा ती कुणाची, एवढं सांगणारा शब्द असतो. ‘योन गुन्नारसन’ म्हणजे गुन्नारचा मुलगा योन. ‘आन्ना ओलाफ्सदोत्तिर’ म्हणजे ओलाफुरची मुलगी आन्ना. हा दुसरा शब्द घराण्याचा नाही, एका पिढीपुरता आहे. योनच्या मुलाला ‘गुन्नारसन’ लागत नाही, त्याला ‘योन्सन’ लागतं.

आता योन आणि आन्ना यांचं लग्न झालं, एगिल आणि हेल्गा अशी दोन मुलं झाली. दारावरच्या पाटीवर चार नावं येतील: योन गुन्नारसन, आन्ना ओलाफ्सदोत्तिर, एगिल योन्सन, हेल्गा योन्सदोत्तिर. एका घरात चार माणसं, चार वेगळी ‘आडनावं’. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल तिथेही आहे, त्यामुळे गुन्नारचा योन, योनचा पुन्हा गुन्नार, अशी साखळीही दिसते.

मोजके लोक अपवाद आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. हे नाव तयार कसं होतं? वडिलांच्या नावाला नुसतं ‘सन’ जोडायचं का?

नाही, आणि इथेच सगळी गंमत आहे. वडिलांचं नाव आधी षष्ठीत न्यायचं, मग त्याला मुलगा असेल तर ‘सोन’ आणि मुलगी असेल तर ‘दोत्तिर’ जोडायचं. (मराठीत ‘सन’ रूढ झालं आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.) म्हणजे आधी ‘योनचा’, मग ‘मुलगा’. षष्ठीचं रूप नावागणिक वेगळं होतं:

योन, गुन्नार, याकोब अशा नावांना ‘स’ लागतो: योन्स, गुन्नार्स, याकोब्स. माजी पंतप्रधान कात्रीन याकोब्सदोत्तिर यांचं नाव असं बनलं.

‘ई’कारान्त पुरुषी नावांचा ‘ई’ जाऊन ‘आ’ येतो. फिन्बोगीचं फिन्बोगा, म्हणून विग्दीस फिन्बोगादोत्तिर. याच विग्दीस १९८० साली राष्ट्राध्यक्ष झाल्या. जगात थेट निवडणुकीत जिंकून राष्ट्राध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान झालेल्या क्रिस्त्रून फ्रोस्तादोत्तिर यांच्या वडिलांचं नाव फ्रोस्ती, हेही त्याच चालीवर.

काही नावांना ‘आर’ लागतो आणि जाता जाता नावातला स्वरही बदलतो. ‘ओर्न’ म्हणजे गरुड. त्याची षष्ठी ‘आर्नार’, म्हणून मुलगा आर्नारसन. मूळ नाव ओळखायलाही येत नाही.

आणि ‘आ’कारान्त स्त्रीनामांचा शेवट ‘ऊ’ होतो, तो आईचं नाव लावताना उपयोगी पडतो (प्रश्न ८).

३. काही नावांच्या मूळ स्पेलिंगमध्ये दोन ‘एस’ असतात, काहींत एकच. छपाईची चूक असते का?

चूक नसते, आणि एक ‘एस’ गाळलात तर माणसाचा बाप बदलू शकतो. ‘योन्सन’च्या मूळ स्पेलिंगमधला पहिला ‘एस’ षष्ठीचा (योन्स) आणि दुसरा ‘सोन’चा. जिथे षष्ठी ‘स’ने होत नाही, तिथे एकच ‘एस’ उरतो: हेल्गीची षष्ठी हेल्गा, म्हणून ‘हेल्गासन’मध्ये एकच.

खरा पेच आर्नारचा. ‘ओर्न’ची षष्ठी आर्नार हे वर आलंच. पण ‘आर्नार’ हे स्वतंत्र नावही आहे आणि त्याची षष्ठी ‘आर्नार्स’. म्हणून एका ‘एस’चा आर्नारसन ओर्नचा मुलगा आणि दोन ‘एस’चा आर्नारसन आर्नारचा मुलगा. देवनागरीत हा फरक पुसला जातो. तिकीट किंवा व्हिसाचा अर्ज भरताना मात्र पासपोर्टवरचं अक्षर न् अक्षर उतरवा.

४. विभक्ती किती आहेत, आणि नावंसुद्धा चालवावी लागतात?

चार आहेत: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. ही मराठी नावं आपल्या सोयीसाठी, कामं थोडी वेगळी आहेत. आणि हो, प्रत्येक नाव चालवावं लागतं. शाळेत मुलांना चार शब्दांचा एक मंत्र शिकवतात: ‘ह्येर एर’ (इथे आहे), ‘उम’ (-बद्दल), ‘फ्रा’ (-कडून), ‘तिल’ (-कडे). यांच्यापुढे नाव ठेवलं की चारही रूपं आपोआप तोंडात येतात.

योन सरळमार्गी आहे: ह्येर एर योन, उम योन, फ्रा योनी, तिल योन्स. आन्ना पहिल्या घरानंतर बदलते ती बदललेलीच राहते: आन्ना, ओन्नू, ओन्नू, ओन्नू. शेवटी ‘ऊ’ आला की आधीच्या ‘आ’चा ‘ओ’सारखा स्वर होतो, हा या भाषेचा आवडता खेळ. एगिल मधेच वेगळा माणूस होतो: एगिल, एगिल, आग्ली, एगिल्स. आणि ब्योर्न (म्हणजे अस्वल) तर चारही घरं फिरतो: ब्योर्न, ब्योर्न, बिर्नी, ब्यार्नार. ‘ब्योर्न्स’ अशीही षष्ठी चालते आणि मुलाला लागतं ते त्यावरून, ‘ब्योर्न्सन’. ‘ब्यार्नासन’ दिसला तर तो ब्योर्नचा नव्हे, ब्यार्नी नावाच्या माणसाचा मुलगा.

सामान्यरूप सांभाळत वाढलेल्या मराठी माणसाला यात धक्का बसायचं कारण नाही. ‘घोडा’चा ‘घोड्या’ आणि ‘पाणी’चं ‘पाण्या’ आपण न अडखळता करतो. आपण माणसांच्या नावांना मात्र सहसा हात लावत नाही, ‘एगिल’ला ‘एगिलला’ म्हणून मोकळे होतो. आइसलंडिकमध्ये माणसांच्या नावांनाही सूट नाही, एवढाच फरक. भेटवस्तूवरच्या चिठ्ठीत ‘ओन्नूला, आग्लीकडून’ असं लिहिलेलं दिसलं तर ते आन्ना आणि एगिलच आहेत.

५. शेवट चुकला तर खरंच अर्थ बदलतो, की नुसतं विचित्र वाटतं?

दोन्ही होतं. ‘मदत करणे’ या क्रियापदाला चतुर्थी लागते. ‘एगिल ह्याल्पादी बिर्नी’ म्हणजे एगिलने ब्योर्नला मदत केली. आता नावांच्या जागा तशाच ठेवून फक्त रूपं बदला: ‘आग्ली ह्याल्पादी ब्योर्न’. जागा त्याच, पण आता मदत ब्योर्नने केली आणि मिळाली एगिलला. कोण आधी आलं याने ठरत नाही, कोण कोणत्या रूपात आलं याने ठरतं. ‘रामाला शामने हाक मारली’ आणि ‘राम शामला हाक मारतो’ यांत आपणही प्रत्ययच ऐकतो, क्रम नव्हे.

रोजच्या बोलण्यात परदेशी माणसाने विभक्ती चुकवली तर समोरचा समजून घेतो. लेखी मात्र अशी चूक खटकते.

६. ‘हेल्गा’ बाईचं नाव आहे ना? मग बातमीत एका पुरुषाला हेल्गा का म्हटलं होतं?

कारण तो हेल्गी होता. ‘हेल्गी’ हे पुरुषाचं नाव. प्रथमेबाहेर पडताच ते ‘हेल्गा’ होतं: उम हेल्गा, फ्रा हेल्गा, तिल हेल्गा. ‘हेल्गा’ हे बाईचं नाव प्रथमेत हेल्गा आणि बाकी सगळीकडे ‘हेल्गू’. म्हणून एकटा ‘हेल्गा’ शब्द पाहून बाई की बुवा हे सांगता येत नाही, वाक्यात तो कुठे बसला आहे ते पाहावं लागतं.

लाडक्या नावांतही हेच. सिगुर्दुरला घरी ‘सिग्गी’ म्हणतात आणि सिग्रीदुर नावाच्या बाईला ‘सिग्गा’. ‘सिग्गाबद्दल’ बोलणं सिग्गीबद्दल असेल. सिग्रीदुरबद्दल असेल तर ‘सिग्गू’ ऐकू येईल.

मुलांच्या नावांत यातूनच फरक पडतो: हेल्गासन म्हणजे हेल्गीचा मुलगा, हेल्गुसन म्हणजे हेल्गाचा. एका स्वरात बापाच्या जागी आई.

७. एका ठिकाणी ‘फिन्बोगादोत्तिर’ लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी ‘फिन्बोगादोत्तुर’. बरोबर काय?

दोन्ही. ‘सोन’ आणि ‘दोत्तिर’ हे शेवटी साधे शब्दच, तेही चालतात. ‘दोत्तिर’ प्रथमेबाहेर ‘दोत्तुर’ होतं. ‘सोन’ची चतुर्थी ‘सिनी’ आणि षष्ठी ‘सोनार’. म्हणजे ‘योन गुन्नारसन’ला पत्र पाठवायचं तर दोन्ही शब्द षष्ठीत: ‘तिल योन्स गुन्नारसोनार’.

प्रवाशाला याचा पहिला अनुभव केप्लाविकच्या विमानतळावर येतो. टर्मिनलच्या नावात ‘लेयफ्स एयरीक्सोनार’ आहे. तिथे आलेला माणूस विचारतो, हा एयरीक्सोनार कोण? तो आपला लेयफुर एयरीक्सन, साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला पोचलेला, फक्त षष्ठीत. रेक्याविकमध्ये जुनी हस्तलिखितं जपणारी संस्था आर्नी माग्नुसन यांच्या नावाची आहे आणि पाटीवर ‘आर्ना माग्नुसोनार’ असं वाचायला मिळतं. विद्यापीठातल्या परकीय भाषांच्या संस्थेच्या नावात ‘विग्दीसार फिन्बोगादोत्तुर’ आहे. कोशात किंवा शोधखिडकीत नाव टाकताना आधी ते प्रथमेत आणा, नाहीतर काहीच सापडणार नाही.

गावांचंही तसंच. ‘हाप्नारफ्योर्दुर’ हे गाव, पण गावात असाल तर ‘हाप्नारफिर्दी’ आणि गावाला निघालात तर ‘हाप्नारफ्यार्दार’. नकाशावर तीन गावं शोधू नका.

८. आईचं नाव लावता येतं का?

येतं, कायद्याने आणि रिवाजानेही. बाप अनोळखी असेल तेव्हाच, असा काही दंडक नाही. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं खेळलेला फुटबॉलपटू हेयदार हेल्गुसन आईच्या नावाने ओळखला जातो (हेल्गा, हेल्गू, हेल्गुसन). गायिका ब्योर्कचं नाव ‘बर्च’ या झाडावरून आलं आहे आणि त्याची षष्ठी ‘ब्यार्कार’. तिच्या मुलीने आईचं नाव घेतलं ते ‘ब्यार्कारदोत्तिर’ असं.

दोघांचंही लावता येतं. रेक्याविकचे माजी महापौर दागुर बी. एगर्त्सन यांच्या नावातला ‘बी’ म्हणजे ‘बेर्गथोरुसन’, बेर्गथोराचा मुलगा.

९. मग स्नोर्री स्तुर्लुसनही आईच्या नावाने का? ‘स्तुर्लू’ तर स्त्रीलिंगी वाटतं.

वाटतं, पण नाही. ‘स्तुर्ला’ हे पुरुषाचं नाव आहे. दिसायला ते स्त्रीनामासारखं आहे आणि चालतंही तसंच: स्तुर्ला, स्तुर्लू. नॉर्स पुराणकथा लिहून ठेवणाऱ्या स्नोर्रींचे (११७९–१२४१) वडील स्तुर्ला. ‘ऊ + सन’ दिसलं की आई, हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. स्तुर्लाने तो मोडला आहे.

१०. सख्ख्या भावाचं ‘सिगुर्दसन’ आणि बहिणीचं ‘सिगुर्दारदोत्तिर’. वडील एकच, मग हे कसं?

सिगुर्दुर या नावाला षष्ठीची दोन रूपं मिळाली आहेत. मुलग्यांसाठी ‘सिगुर्द्स’वरचं सिगुर्दसन फार रूढ आहे, ‘सिगुर्दारसन’ही सापडतं. मुलींसाठी मात्र ‘सिगुर्दारदोत्तिर’च. स्वातंत्र्यचळवळीचे नेते योन सिगुर्दसन (१८११–१८७९) आणि २००९ ते २०१३ पंतप्रधान असलेल्या योहान्ना सिगुर्दारदोत्तिर, दोघांचेही वडील सिगुर्दुर, फक्त वेगवेगळे. (योन यांचा जन्मदिवस १७ जून, म्हणून १९४४ साली प्रजासत्ताक जाहीर करायला तोच दिवस निवडला.)

गुदमुंदुरचं आणखी निराळं. बोलताना षष्ठी ‘गुदमुंदार’, पण मुलांच्या नावात ‘गुदमुंद्स’: ब्योर्क गुदमुंद्सदोत्तिर. व्याकरणाला इथे रूढीपुढे मान तुकवावी लागली आहे. अशी नावं पाठच करावी लागतात.

११. लग्नानंतर बायकोचं नाव बदलतं का?

नाही. आन्ना ओलाफुरची मुलगी होती ती लग्नानंतरही ओलाफुरचीच मुलगी असते. ‘योन्सदोत्तिर’ म्हटलं तर ती नवऱ्याची लेक ठरेल. सासरचं नाव ही कल्पना या रचनेत बसतच नाही, आणि माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात निवांत गोष्ट हीच आहे.

अडचण येते ती परदेशात. आई, बाप आणि मुलं यांची चार वेगळी नावं पाहून अधिकारी प्रश्न विचारतात. लहान मुलाबरोबर एकटा पालक प्रवास करत असेल तर जन्मदाखला जवळ ठेवलेला बरा.

१२. हाक कशी मारायची? माजी पंतप्रधानांना ‘याकोब्सदोत्तिर बाई’ म्हणायचं का?

नाही, ‘कात्रीन’. राष्ट्राध्यक्ष असोत, डॉक्टर असोत, शाळेतल्या बाई असोत, सगळ्यांना पहिल्या नावानेच. यात उद्धटपणा नाही, कारण नाव तेवढं एकच आहे. दुसरा शब्द वडिलांचा. ‘गुन्नारसन, इकडे या’ म्हणजे ‘गुन्नारच्या मुला, इकडे ये’.

याद्यांतही तेच. छापील फोनबुकात माणसं पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने असत आणि नावापुढे व्यवसाय दिलेला असे.

१३. मग एकसारखी नावं किती असतील! ओळख कशी पटते? आणि फुटबॉल संघातले सगळे ‘सन’ नातेवाईक आहेत का?

नातेवाईक नाहीत. २७ जून २०१६ रोजी नीसमध्ये आइसलंडने इंग्लंडला २–१ ने हरवलं, तेव्हा मैदानात उतरलेल्या अकराच्या अकरा खेळाडूंचं दुसरं नाव ‘सन’वर संपत होतं. त्यात सिगुर्दसन दोन होते, राग्नार आणि गिल्फी, आणि ते भाऊ नव्हेत. दोघांच्याही वडिलांचं नाव सिगुर्दुर, एवढंच साम्य. मायदेशी समालोचक ‘राग्नार’ आणि ‘गिल्फी’ असंच म्हणतात, गोंधळ होतच नाही.

कागदोपत्री ओळख नावावर नसतेच. प्रत्येकाला ‘केन्नीताला’ हा दहा अंकी क्रमांक असतो, त्याचे पहिले सहा अंक जन्मतारखेचे. शिवाय बऱ्याच जणांना दोन नावं असतात, त्या संघाचा कप्तान आरोन एयनार गुन्नारसनसारखी. त्यातलं ‘एयनार’ हेही त्याचं स्वतःचंच, वडिलांचं नव्हे. मराठी वाचक इथे हमखास फसतो, कारण आपल्याकडे मधलं नाव म्हटलं की वडील किंवा नवरा.

नातं शोधायचं तर ‘ईस्लेंदिंगाबोक’ ही वंशावळींची माहितीपेटी आहे, २००३ पासून ऑनलाइन. साधारण चार लाखांच्या देशात, तिथले नागरिक आपले आणि दुसऱ्याचे समान पूर्वज त्यात पाहू शकतात.

१४. मुलाचं नाव ठेवायला सरकारची परवानगी लागते हे खरं का?

मान्य नावांच्या यादीतलं नाव असेल तर लागत नाही. यादीत नसेल तर तीन जणांच्या नाव समितीकडे अर्ज करावा लागतो. समिती १९९१ सालची, सध्याचा कायदा १९९६ चा. समिती काय पाहते? नावाला आइसलंडिक षष्ठी लागते का, किंवा ते आधीपासून रुळलेलं आहे का. भाषेच्या घडणीशी भांडत नाही ना. स्पेलिंग नियमात बसतं का (सी, क्यू, डब्ल्यू, झेड ही अक्षरं तिथल्या बत्तीस अक्षरी वर्णमालेत नाहीत). आणि मुलाला पुढे त्या नावाचा त्रास तर होणार नाही ना.

पहिली अट विनोदी वाटते, पण प्रश्न २ वाचला असेल तर वाटणार नाही. ज्या नावाला षष्ठी नाही, त्या माणसाच्या मुलांना नाव देणार कसं? आणि चिठ्ठीत ‘तिल…’च्या पुढे लिहायचं काय?

समितीवर टीकाही भरपूर होते. २०१४ साली एका कुटुंबातल्या दहा वर्षांच्या मुलीला पासपोर्ट नाकारला गेला, कारण तिचं ‘हॅरिएट’ हे नाव आइसलंडिकमध्ये चालवता येत नाही. सरकारी नोंदीत ती नुसती ‘स्तूल्का’ होती, म्हणजे ‘मुलगी’. भाषा जपायला नियम हवेत हे मला पटतं, दहा वर्षांच्या पोरीचा प्रवास अडवणं नाही.

नावाची नोंद जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायची असते. आपल्या बाराव्या दिवसाच्या बारशाच्या मानाने निवांत कारभार. तोवर बाळ कागदावर ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’.

मुलीला पुरुषी नाव आणि उलट ही बंदी आता उठली आहे. तिला पहिला मोठा धक्का जानेवारी २०१३ मध्ये बसला. ‘ब्लायर’ (झुळूक) हा पुल्लिंगी शब्द. ते नाव पंधरा वर्षांच्या एका मुलीला रेक्याविकच्या न्यायालयाने राखू दिलं. हालदोर लाक्सनेस यांच्या एका कादंबरीत ब्लायर नावाची स्त्री होतीच. २०१९ च्या लिंगओळखीच्या कायद्याने पुढची वाट मोकळी केली: नावांवरचं लिंगाचं बंधन गेलं, आणि ज्यांची नोंद स्त्री किंवा पुरुष अशी नाही त्यांना ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’ऐवजी ‘बुर’ (अपत्य) लावता येतं, किंवा नुसती षष्ठी ठेवता येते.

१५. हालदोर लाक्सनेस, गेयर हॉर्दे, फुटबॉलपटू एयदुर गुद्योन्सेन यांना तर आडनावं आहेत. ती कशी?

नोबेल (१९५५) मिळालेले लाक्सनेस जन्माने हालदोर गुद्योन्सन, म्हणजे गुद्योनचा मुलगा. ज्या लाक्सनेस मळ्यावर ते वाढले त्याचं नाव त्यांनी घेतलं. २००६ ते २००९ पंतप्रधान असलेले हॉर्दे यांचे वडील नॉर्वेचे. गुद्योन्सेन, हाफस्तेयन, ब्रीम, थोरारेन्सेन ही जुनी घराणी, बरीचशी डेन्मार्कशी संबंध असलेल्या काळातली.

१९१३ च्या कायद्याने घराण्याची नावं घ्यायला मुभा दिली आणि लगेच १९२५ च्या कायद्याने नवी घेणं बंद केलं. होती ती टिकली आणि वारशाने चालत राहिली, नव्याने कुणाला घेता येत नाहीत. विनोदी कलाकार आणि रेक्याविकचे माजी महापौर योन ग्नार यांना ‘ग्नार’ हे कायदेशीर नाव शेवटी अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये मिळालं.

१६. कॅनडातल्या एका बाईचं आडनाव ‘सन’वर संपतं आणि तिचे पूर्वज आइसलंडचे. ती ‘दोत्तिर’ का नाही?

१८७५ नंतर बरेच आइसलंडकर मॅनिटोबातल्या गिमली परिसरात जाऊन वसले. तिथल्या कागदपत्रांना कायम आडनाव हवं होतं, म्हणून कुणा एका पणजोबांचं ‘सन’ गोठलं आणि लेकी-सुनांनाही लागलं. बीबीसीवरचे प्रसिद्ध प्रश्नकर्ते मॅग्नस मॅग्नसन यांचं तसंच. रेक्याविकमध्ये जन्म, वडील सिगुर्स्तेयन माग्नुसन. आइसलंडच्या हिशेबाने ते माग्नुस सिगुर्स्तेयन्सन व्हायला हवे होते, पण स्कॉटलंडमध्ये वाढले आणि वडिलांचं ‘माग्नुसन’ त्यांना आडनाव म्हणून चिकटलं.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधली ‘सन’ आणि ‘सेन’वाली आडनावंही अशीच गोठलेली आहेत. नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने कायम आडनाव सक्तीचं झालं.

१७. आम्ही मराठी जोडपं रेक्याविकला असतो. बाळाचं नाव त्यांच्या नियमाने ठेवावं लागेल का?

पालकांपैकी एक परदेशी नागरिक असेल तर त्याच्या देशात चालणारं एक नाव बाळाला देता येतं, मात्र सोबत आइसलंडिक नियमात बसणारं किमान एक नाव लागतं. तुमचं नागरिकत्व काय आहे यावर पुढचे तपशील ठरतात, ते राष्ट्रीय नोंदणी कार्यालयात (थ्योदस्क्रा) विचारा. पूर्वी नागरिकत्व घेताना स्वतःलाच आइसलंडिक नाव घ्यावं लागे, ती सक्ती आता नाही. तुमचं देशपांडे किंवा नाईक आडनाव तुम्ही ठेवू शकता.

व्यवहारात लोक तुमच्या नावालाही विभक्ती लावून पाहतील. ‘आ’वर संपणारी मुलींची नावं त्यांना फार सोपी जातात. मीरा असेल तर ती ‘मीरू’ होईल आणि कुणी लाडाने म्हटलं असं वाटेल. लाड नव्हेत, विभक्ती आहे.

१८. मराठीत लिहिताना ही नावं कशी वापरावीत?

मूळ प्रथमेचं रूप घ्या आणि त्याला आपला प्रत्यय लावा: ‘विग्दीस यांनी’, ‘ब्योर्कला’, ‘एगिलचा’. षष्ठीतल्या नावाला पुन्हा आपली षष्ठी लावून ‘एयरीक्सोनारचा’ असं करू नका. दुसऱ्या उल्लेखात पहिलं नाव लिहा, ‘फिन्बोगादोत्तिर म्हणाल्या’ असं नको. संदर्भसूचीत लेखक पहिल्या नावाच्या अक्षरावर लावा. आणि अर्जातल्या ‘आडनाव’ या रकान्यात, दुसरा इलाज नसल्याने, ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’वालाच शब्द टाका. आइसलंडचे लोक परदेशात तेच करतात.